काळी चारवाले मोतीरामजी

मोतीराम रेवतकर रोज पहाटे पाचला आमच्या मागच्या खोलीत गायला बसायचे आणि त्यांच्या गळ्याला जी पट्टी झेपत होती, तिच्यापेक्षा चांगलं हातभर वर गायचे. पेटीवर काळी चार धरायची, डोळे मिटायचे आणि वरच्या सा कडे निघायचे. तो सा त्यांना तीन वर्षांत एकदाही लागला नाही. जवळपास मात्र रोज जाऊन यायचे.

तेव्हा नागपूरच्या प्रताप नगरात घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते. आवाज अडवायला मध्ये काही नव्हतं. शेजारचे आंबुलकर पहिल्याच आठवड्यात तक्रार घेऊन आले. मोतीरामजींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वही उघडली.

"कोणत्या जागी जास्त तरास होते?" त्यांनी विचारलं.

आंबुलकर गडबडले. म्हणाले, "म्हणजे, वर जाता तेव्हा."

"वर जातो तेव्हा, का वर पोचल्यावर?"

"पोचता कुठं तुम्ही?"

"बरोबर धरलं तुम्ही," मोतीरामजी म्हणाले आणि ते वहीत लिहून घेतलं. आंबुलकर भांडायला आले होते, ते परीक्षक होऊन परत गेले. मग महिन्यातून एकदा तेच येऊन प्रगती सांगायचे. प्रगती नव्हती, तेही सांगायचे.

मी शाळेत मास्तर. घर बांधून झाल्यावर मागची एक खोली भाड्याने द्यावी म्हटलं, तर पहिले हेच आले. नरखेड तालुक्यातल्या एका गावचे, घरची संत्र्याची बाग, वय पस्तिशीचं. सायकलच्या कॅरिअरला दोरीने बांधलेली पेटी. मी विचारलं, नागपुरात काय करता?

"गाणं शिकून राहिलो."

"कधीपासून?"

"येत्या सोमवारपासून."

मी हसलो. ते हसले नाहीत. "गाणं शिकाचं असलं तं शहरात यावंच लागते, मास्तर. गावात कोन शिकवते?" एवढ्या ठाम आवाजात माणूस बोलला की त्याला खोली नाही म्हणणं जड जातं.

त्यांचे गुरुजी जुन्या शहरात, महाल भागात राहायचे. पुराणिक गुरुजी. मोतीरामजी रोज दुपारी सायकल हाणत तिकडे जायचे आणि संध्याकाळी वही भरून परत यायचे. ती वही मी एकदा पाहिली. गुरुजींनी गायलेला प्रत्येक स्वर तीत उतरवलेला होता, आणि बाजूला बारीक अक्षरात शेरे. "इथे गुरुजी डोळे मिटतात." "इथे आवाज लहान करतात, पण सोडत नाहीत." "इथे खोकला आला, तो घ्यायचा नाही."

शिकवणीतली त्यांची कीर्ती माझ्यापर्यंत गुरुजींकडूनच आली. एकदा बर्डीच्या बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "तुमचे भाडेकरू मोठे चमत्कारिक आहेत हो. मी सांगतो, तुमची पट्टी काळी एक आहे. ते म्हणतात, मले काळी चारच पाहिजे. मध्यम धड लागत नाही, आणि विचारतात काय, तर मध्यमावरून वर जाताना श्वास कुठं चोरायचा. असा प्रश्न मला दहा वर्षं शिकलेला शिष्य विचारत नाही. देवानं कान दिला आणि गळा द्यायचा राहिला."

"मग शिकवता कशाला?"

"असं ऐकणारं माणूस मिळत नाही," गुरुजी म्हणाले.

गायकाने काय खावं, काय टाळावं, हेही मोतीरामजींनी गुरुजींकडून नीट लिहून घेतलं होतं. तेलकट नको, आंबट नको, तिखट तर मुळीच नको. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते मला चौकातल्या टपरीवर तर्री-पोहे खाताना दिसले. तर्रीचा तिसरा डाव घेत होते. घाम कपाळावरून गळत होता.

"तिखट वर्ज्य आहे ना?" मी म्हटलं.

"लिहून घेतलं ना मी," ते म्हणाले आणि चौथा डाव मागितला.

कोणीही, कधीही विचारलं की गाणं कुठवर आलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "काम चालू हाये." ते ऐकताना नेहमी वाटायचं, पुढच्या वळणावर रस्ता खणून ठेवलेला असणार. पण त्यांना कधी उदास पाहिलं नाही, आणि आपलं चुकतंय अशी शंकाही त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसली नाही.

शनिवारी दुपारी मात्र पेटी सायकलला बांधून ते एस.टी. स्टँड गाठायचे आणि सोमवारी सकाळी परत यायचे. माझ्या बायकोने, कुसुमने एकदा विचारलं, "वहिनींना इकडेच का नाही आणत?" मूलबाळ नव्हतं, तेव्हा आणायला अडचण ती काय, असं तिला वाटलं.

"बाबा पाठवत नाही," ते म्हणाले. मग पेटीची दोरी आवळत, "काम चालू हाये."

दुसऱ्या वर्षी त्यांनी रेडिओवरच्या स्वरपरीक्षेचा अर्ज भरला. मी म्हटलं, मोतीरामजी, जरा थांबा. ते थांबले नाहीत. कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि तासाभरात परत आले. दोन ओळी झाल्यावर परीक्षकांनी नम्रपणे हात जोडले होते.

मी त्यांच्यासाठी तोंड पाडून बसलो होतो, आणि हे लग्नाच्या जेवणाहून आल्यासारखे खूश.

"मास्तर, आत काचेची खिडकी असते. पलीकडं चार जणं बसते, पण त्याईचा आवाज येत नाही. लाल दिवा लागला की सुरू कराचं. माइक एवढा दूर." त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. "खोली इतकी चूप असते की आपला श्वास आपल्याले ऐकू येते. माणूस भेतेच तिथं. पहिलेच माहीत असलं तं भेत नाही."

"पण तुम्ही नापास झालात."

"हो. ते तं झालो," ते म्हणाले आणि वहीत खोलीचा नकाशा काढायला बसले. मी कुसुमला म्हटलं, या माणसाची कातडी गेंड्याची आहे. आज ते वाक्य आठवलं की बरं वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी थंडीत त्यांनी आम्हा दोघांना हुरड्याला गावी नेलं. रविवार होता. बागेच्या कडेला गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, भाजलेली कणसं चोळून गरम दाणे हातावर येत होते, सोबत जवसाची चटणी. मोतीरामजींचे वडील धोतर-टोपीत ताठ बसलेले होते. गावातले पाच-सहा जण होते. सून विमल, डोक्यावर पदर घेतलेली सावळी, बारीक बाई, चटणी वाढून गेली ती पुन्हा दिसली नाही. थोड्या वेळाने मोतीरामजीही उठले. विहिरीकडून ऑइल इंजिनाची फटफट सुरू झाली.

म्हातारे रेवतकर वैतागले. मला म्हणाले, "पाहा मास्तर. आता बागेले ताण द्याचे दिवस हाये. एक थेंब पानी द्याचं नाही, तवा कुठं बहार फुटते. अन् हा रविवार आला की इंजन चालू करते. म्हनते, हरभऱ्याले देतो. हरभरा सडाले आला."

"त्यांचं लक्ष गाण्यात असतं," मी सांभाळून घेतलं.

"माणसानं येडं व्हावं तं होऊ द्या," म्हातारा म्हणाला. "जा म्हटलं मी त्याले. घरातल्या बाईनं असं मांडलं असतं तं गोष्ट येगळी होती."

तेवढ्यात इंजिनाने दोन-तीन धक्के दिले आणि ते बंद पडलं. डिझेल संपलं होतं.

आणि एक आवाज उघडा पडला. बाईचा आवाज. वर चढत निघालेला, अजिबात घाई नसलेला. इंजिन थांबल्याचं तिच्या लक्षात यायला उशीर झाला असावा, कारण ती तशीच वर गेली, त्या सा ला पोचली आणि तिथे उभी राहिली. तीन वर्षं रोज पहाटे मी ज्याचा पत्ता शोधत होतो, तो सा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. काळी चार ही पुरुषाची पट्टी नव्हतीच. बाईच्या गळ्याची होती.

मग मोतीरामजींचा आवाज आला, शांत, मास्तरसारखा. "थांब वं. आता इथं गुरुजी श्वास घेते." आणि मग एकदम दोन्ही आवाज बंद झाले.

म्हाताऱ्याच्या तळहातावरचे दाणे तसेच राहिले. मोतीरामजी विहिरीवरच्या खोलीतून बाहेर आले, चालत थेट वडिलांसमोर येऊन उभे राहिले.

"कोन गाऊन राहिलं होतं?" म्हाताऱ्याने विचारलं. त्याला ठाऊक होतं.

"विमल."

"अन् तू? तू तीन वर्षं नागपुरात काय करून राहिला होता?"

"मी आणून राहिलो होतो, बाबा. तिथून इथं." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "आता माह्याच्यानं जेवढं आणता येते तेवढं झालं. पुढचं तिनं सोता गुरुजीपाशी बसूनच घ्याचं हाये. उद्या पहिल्या एस.टी.नं मी तिले घेऊन जातो."

म्हाताऱ्याने काडीने आगटीतली राख उकरली. मला वाटलं, आता भडका उडणार. कुसुमने माझी बाही धरली होती. शेवटी तो म्हणाला, "तिले इचारलं का?"

मोतीरामजींना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्यांनी मागे वळून खोलीकडे पाहिलं. विमल तोवर खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. पदर तसाच, नजर खाली. पण बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मले जायाचं हाये, मामाजी."

म्हाताऱ्याने हातातले दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. "मंग जा," तो म्हणाला. "हरभरा तरी वाचंल माहा."

सोमवारच्या पहाटेच्या एस.टी.त विमल कुसुमजवळ खिडकीशी बसली आणि मोतीरामजी माझ्या शेजारी. लग्न झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिला विहिरीवर पाणी ओढता ओढता गुणगुणताना ऐकलं, तेव्हापासून डोक्यात हेच होतं, असं ते म्हणाले. वडील म्हणाले, सुनेनं गायचं ते देवापुढं. मग यांनी जाहीर केलं की मलाच गायक व्हायचं आहे.

"लोक हसायचे तुम्हाला," मी म्हटलं. "आम्हीसुद्धा."

"हसाचेच. मले गाता कुठं येते?"

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले. "कान हाये ना मले."

त्या दुपारी गुरुजींसमोर विमल बसली. काळी चारचा सा लावला, मध्यमावर आली, तिथून वर निघाली. गुरुजींचा तंबोऱ्यावरचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही, मोतीरामजींकडे पाहिलं.

"म्हणजे श्वासाचा तो प्रश्न हिचा होता."

"हो जी."

"पुढच्या वेळी प्रश्न तिला विचारू द्या. तुम्ही मागं बसा," गुरुजी म्हणाले. मोतीरामजी उठून मागे बसले.

त्यानंतर ते कधी गायले नाहीत. पहाटे विमल गायची. आंबुलकर आठवडाभर आपल्या खिडकीत उभे राहून ऐकत होते, नंतर आमच्या भिंतीलगत खुर्ची टाकून बसू लागले. दीड वर्षात ती रेडिओच्या परीक्षेला बसली आणि पहिल्या खेपेत पास झाली. खोलीचा नकाशा तिला पाठ होता. लाल दिवा लागल्यावर भीती वाटली का, असं कुसुमने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाही जी. मी तिथं पहिले जाऊन आल्यासारखं वाटलं."

पुढे म्हाताऱ्याचे गुडघे गेले. बाग कोणीतरी पाहायला हवी होती. मोतीरामजी पुन्हा गावी राहू लागले आणि शनिवारी नागपूरला येऊ लागले. विमल आमच्या मागच्या खोलीतच राहिली. तोवर तिच्याकडे चार मुली शिकायला येत होत्या.

एका रविवारी सकाळी तिचं गाणं रेडिओवर थेट लागणार होतं. ती स्टेशनवर गेलेली. आमच्या पुढच्या खोलीत गल्लीतली सगळी माणसं जमली. आंबुलकर रेडिओला अगदी खेटून बसले होते. निवेदिकेने नाव घेतलं, विमल रेवतकर, आणि ती गायला लागली. पाच मिनिटांनी मी पाहिलं तर मोतीरामजी खोलीत नव्हते.

ते बाहेर अंगणात उभे होते, कुंपणाच्या तारेवर हात ठेवून. खिडकीतून गाणं येत होतं. मी जवळ गेलो. वाटलं, आनंदाने डोळे भरले असतील म्हणून बाहेर आले. डोळे कोरडे होते.

"तीन वर्षं हा आवाज मी एकट्यानंच ऐकला, मास्तर," ते म्हणाले. "इंजनाच्या त्या आवाजात, हातभर अंतरावर बसून. दुसऱ्या कोनाले माहीतच नव्हतं."

मीही तारेवर हात ठेवला.

"आता सगळे ऐकून राहिले. त्याच्यासाठीच केलं होतं ना सारं." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "पन आत बसलो तं वाटलं, आपल्या जागी आंबुलकर बसले."

आत विमल वर चढत होती. त्यांनी तारेवरचा हात काढला, शर्ट खाली ओढून नीट केला आणि आत गेले. खोलीत जागा नव्हती. दाराशी चपलांचा ढीग होता, तो त्यांनी पायाने बाजूला सारला, तिथेच खाली बसले आणि सगळ्यांच्या पाठीमागून ऐकू लागले.