मुकादमाने खाणे सोडले

सोमवारी मुकादमाने गाजर सोडले. मंगळवारी हरभरे सोडले. बुधवारी भाकरीचा कडक पापुद्रा बाजूला सारून त्याने फक्त आतला मऊ भाग उचलला, आणि तोही दोनदा तोंडातून खाली पडला. पंजाबराव आपल्या ताटावर बसून हे बघत होते. त्यांचा स्वतःचा घास हातातच राहिला होता.

मुकादम म्हणजे ससा. पांढरा, एका कानावर करडा डाग असलेला. शालूची आई गेली आणि नऊ वर्षांची शालू बोलेनाशी झाली, तेव्हा पंजाबरावांनी तो सुपेल्याच्या बाजारातून टोपलीसकट आणला होता. नावही त्यांनीच ठेवले. हा प्राणी मागच्या पायांवर बसून, कान उभारून, घरातल्या प्रत्येकाच्या कामावर नजर ठेवी. स्वतः काडी हलवत नसे, पण तोंड दिवसभर हलत असे. भिलाईच्या प्लांटच्या उभारणीत पंजाबराव ज्या कंत्राटदाराकडे फिटर होते, तिथल्या जानराव मुकादमांचे याहून नेमके वर्णन करणे अवघड होते. हे नाव कॅम्पातल्या पत्र्याच्या घराबाहेर जाऊ नये, एवढीच काळजी पंजाबरावांना तेव्हा होती.

पण त्या नावाला शालू हसली होती. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. तेव्हा नाव बदलण्याचा प्रश्नच उरला नाही.

त्यानंतर तिने आपला एक नियम केला. "मुकादम जेवला का मी जेवीन," असे ती म्हणे आणि ताट त्याच्या शेजारी घेऊन बसे. चार महिने हा नियम उत्तम चालला. मुकादम वेळेवर जेवे, शालू वेळेवर जेवे. पंजाबरावांची मोठी बहीण पंचफुला घर सांभाळायला वर्ध्याकडून आली होती. तिने या उपकाराची परतफेड म्हणून सशाचे गवतच बंद केले. आईवेगळ्या लेकराला जेवू घालणाऱ्याने ढोरासारखे गवत खावे हे तिला पटेना. ती त्याला दुधात कुस्करलेली भाकरी घाली आणि वर थोडा गूळही.

आता मुकादम जेवत नव्हता. बुधवारी शालूने अर्धी भाकरी ठेवली. गुरुवारी तिने ताटाला हात लावला नाही.

"नजर लागली याले," पंचफुला म्हणाली. "मीठ-मिरच्या उतरवू का?"

"धम्माची दीक्षा घेऊन दीड वर्ष नाई झालं, अन् तू मिरच्या उतरवतं?"

"मंग करू काय? नवस बोलाव तं देव नाई ठेवला तुमी. माणसानं घाबरल्यावर जावं कोठी?"

पंजाबराव सशाकडे कान देऊन बसले. यंत्र बंद पडण्याआधी त्याचा आवाज बदलतो, हे फिटर म्हणून ते जाणत होते. मुकादमाच्या चावण्याचा आवाज बदलला होता. पूर्वी तो एकसारखा चाले. आता मध्येच अडखळे, थांबे, पुन्हा सुरू होई. ताटलीचा आवाज झाला की तो अजूनही धावत येई. वास घेई, तोंड लावी आणि मग कुणीतरी रागावल्यासारखा मागे सरके. हनुवटी ओली राहू लागली होती. ती पुसून पुसून पुढच्या पंजांची लव चिकटली होती. उचलून घेतला तर बरगड्या हाताला लागत होत्या. पंजाबरावांनी त्याचे पोट दाबून पाहिले, कान पाहिले, डोळे पाहिले. हे सगळे शालू बघत होती, म्हणून काही विशेष नसल्याचा चेहरा करून त्यांनी तो खाली ठेवला.

शुक्रवारी पहाटे ड्युटीवर जाताना त्यांनी बहिणीला बजावले की, आज त्याने पाणीही सोडले तर निरोप धाड, मी सुट्टी घेऊन येतो.

दहा वाजता मुकादमाने पाणीही सोडले. पंचफुलाने शेजारच्या चंपतला गाठले. तो दुसऱ्या टोळीत खलाशी, म्हणजे जड लोखंड दोरखंडाने चढवणारा गडी होता आणि साइटवरच निघाला होता. पंजाबराव उंच गर्डरवर असल्यामुळे चंपतने निरोप फाटकावरच्या टाइमकीपर भाऊरावांना दिला आणि तो निघून गेला. निरोप असा होता: "पंजाबरावले सांगा, मुकादमानं खाणं सोडलं. आज पाणीबी सोडलं. पोरगी रडून राहिली. लौकर या."

भाऊरावांनी तो कागदावर उतरवला आणि वाचून त्यांना घाम फुटला. दोन दिवसांनी दिल्लीची मंडळी काम पाहायला येणार होती. चुना मारणे चालू होते. अशा वेळी मुकादमाने अन्न सोडले, पाणी सोडले, बायापोरे रडत आहेत, याचा अर्थ एकच होता. ते कागद घेऊन थेट कंत्राटदाराच्या साहेबाकडे गेले आणि हिंदीत म्हणाले, "साब, मुकादम अनशन पे बैठ गया."

साहेबाने जानरावांना बोलावणे पाठवले. आता यात अडचण अशी होती की जानरावांनी खरोखरच दोन दिवस काही खाल्ले नव्हते. त्यांची खालची दाढ ठणकत होती. टोळीतल्या एका गड्याने मागे दात उपटायला नेताना आरडाओरडा केला होता. जानराव त्याला महिनाभर 'गाय' म्हणत होते, त्यामुळे आपल्या दाढेबद्दल ते कुणाजवळ बोलूही शकत नव्हते. तोंड गच्च मिटून ते साहेबासमोर उभे राहिले. ते मौन पाहून साहेब जास्तच घाबरला. त्याने त्यांच्यापुढे सुरईतले थंडगार पाणी केले. त्या पाण्याच्या नुसत्या कल्पनेने जानरावांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी हाताने पेला दूर सारला आणि काहीतरी बोलायला हवे म्हणून खिडकीबाहेर मुरूम वाहणाऱ्या बायांकडे बोट दाखवून कसेबसे म्हणाले, "त्याइले द्या."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिला. मार्च संपत आला होता आणि बाहेर सावलीचा तुकडाही नव्हता. जानराव गेल्यावर त्याने भाऊरावांना सांगितले की, संध्याकाळच्या आत तिथे मांडव पडला पाहिजे आणि त्याखाली माठ दिसले पाहिजेत.

जानरावांना यातले काहीच कळले नाही. आपल्या उपासाची बातमी पंजाबराव फिटरच्या घरून आली, एवढेच फाटकावर समजले. आपली दाढ या माणसाला कशी कळली या विचाराने बेचैन होऊन ते गर्डरखाली जाऊन उभे राहिले. पंजाबराव उतरले.

"पंजाब, माह्या खाण्यापिण्याची खबर तुह्या घरून कावून येते?"

पंजाबरावांच्या एका क्षणात दोन गोष्टी लक्षात आल्या. सशाने पाणी सोडले होते आणि जानरावांना त्याचे नाव कळणार होते. पहिली गोष्ट इतकी मोठी होती की दुसरीसाठी थाप शोधायला वेळ नव्हता. ते म्हणाले, "घरी चला, दाखवतो," आणि सायकलकडे पळाले. त्यांच्यामागे जानरावही निघाले.

घराच्या दारातच पंचफुलाचा आवाज ऐकू आला. "मुकादमा, एक घास खा रे बाप्पा. असा हट्ट नको करू. कालपासून लेंड्याबी नाई टाकल्या तुनं."

जानराव उंबऱ्यावर थिजले. पंजाबरावांनी मान खाली घातली. आत शालू जमिनीवर बसली होती. तिच्या मांडीवर ससा होता, समोर दूधभाकरीची ताटली होती आणि तिच्या शेजारी तिचे स्वतःचे, झाकून ठेवलेले ताट.

"याचं नाव मुकादम?" जानरावांनी विचारले.

शालूच म्हणाली, "हो. तो लक्ष ठेवते सगळ्याइवर."

जानराव खाली बसले. नावाबद्दल ते काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात सशाने ताटलीतला मऊ घास उचलला, एका बाजूने दोनदा हलवला, मान झटकली आणि टाकून दिला. मग पंजाने हनुवटी पुसली. जानराव पुढे झुकले. त्यांचा हात आपोआप आपल्या गालावर गेला.

"हा उपाशी हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "याची भूक नाई गेली. याच्या तोंडात दुखते."

"तुमाले कसं समजलं?" पंचफुलाने विचारले.

"समजते," जानराव म्हणाले.

पंजाबरावांनी खिशातली टॉर्च काढली. चार दिवसांत हे आपल्याला का सुचले नाही, याची त्यांना तेव्हा फार लाज वाटली. जानरावांनी सशाचे डोके धरले, पंजाबरावांनी अंगठ्याने वरचा ओठ सरकवला. खालचे दोन दात वाकड्या खिळ्यांसारखे वाढून वरच्या दातांच्या पुढे आले होते आणि ओठाच्या आतल्या बाजूला टोचत होते. तिथे लाल झाले होते.

दुर्गच्या गुरांच्या दवाखान्यापर्यंत पंजाबरावांची सायकल पुढे होती. दांड्यावर शालू आणि तिच्या मांडीवर टोपली. जानराव मागे होते, आणि प्रत्येक खड्ड्यावर त्यांच्या तोंडून जो आवाज निघे तो मुकादमाच्या काळजीने निघतो आहे असे शालूला वाटले.

डॉक्टर बैलांच्या पायांत वावरणारे गृहस्थ होते. त्यांनी ससा टेबलावर ठेवून तोंड बघितले आणि विचारले, "गवत खातो का हा?"

"दूधभाकर खाते. गूळबी," शालूने अभिमानाने सांगितले.

"त्याचे दात नखांसारखे जन्मभर वाढतात, पोरी. गवत चावून चावून झिजतात. तुम्ही मऊ घालणार तर झिजतील कशाने?"

पंजाबरावांना हे ताबडतोब पटले. लोड न देता चालवलेला जबडा. चार महिने. बहिणीला हे सांगायचे कसे, याचा ते विचार करू लागले.

डॉक्टरांनी बारीक चिमटा घेतला. शालूने सशाचे कान धरले आणि त्याच्या कपाळावर हनुवटी टेकवली. चार वेळा टक् असा आवाज झाला. मुकादम हललाही नाही. डॉक्टरांनी हात धुतले आणि मग त्यांची नजर जानरावांच्या गालावर गेली. एक बाजू आता चांगलीच सुजली होती. ते म्हणाले, "मी माणसांचे पाहत नाही. दातांचे डॉक्टर पलीकडच्या गल्लीत आहेत."

"मले काई नाई झालं," जानराव म्हणाले.

शालूने वर पाहिले. "काका," ती म्हणाली, "तो रडला नाई."

जानरावांनी टोपी नीट केली आणि ते एकटेच पलीकडच्या गल्लीत गेले. तिकडून कसला आवाज आला की नाही ते कुणी सांगितलेले नाही.

घरी आल्यावर चंपत दारातच भेटला. खुशालीचा निरोप त्याच वाटेने जावा म्हणून पंचफुलाने तो त्याच्याकडे दिला, आणि त्याच वाटेने तो गेला: मुकादम ठीक आहे, आता खाईल. भाऊराव कागद घेऊन साहेबाकडे पळाले. तोवर मांडव उभा राहिला होता. त्याखाली सहा माठ होते आणि बाया ओंजळी लावून पाणी पीत होत्या. साहेबाने घाम पुसला.

दुसऱ्या दिवशी टोळीने जानरावांना झेंडूचा हार घातला. त्यांनी बोलावे असा आग्रह झाला. तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे ते नुसते हात जोडून उभे राहिले. एवढे करून एक शब्द बोलत नाही, असा हा माणूस, असे बाया एकमेकींना सांगत होत्या. पंजाबराव गर्दीत मागे उभे होते. जानरावांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिले, आणि आपण काहीच बोलायचे नाही हे पंजाबरावांना कळले.

त्या संध्याकाळी जानराव पंजाबरावांच्या घरी आले. गळ्यात हार तसाच होता आणि काखेत तलावाकाठच्या राठ गवताची पेंढी. पंचफुला चुलीजवळून उठली नाही. चार महिने आपण प्रेमाने काय केले ते तिला कळले होते आणि ती कालपासून कुणाशी नीट बोलत नव्हती. जानरावांनी पेंढी सशापुढे टाकली. मुकादमाने वास घेतला. एक काडी तोंडात धरली. ती हळूहळू आत जाऊ लागली, आणि तो जुना आवाज, एकसारखा, न थांबता, घरभर ऐकू येऊ लागला.

पंजाबराव भिंतीला टेकून ऐकत राहिले.

पंचफुला उठली. उरलेली दूधभाकर तिने वाटीत घातली, वर गूळ ठेवला आणि जानरावांपुढे सरकवली. तेवढेच त्यांना चावता येणार होते. त्यांनी ती मान खाली घालून पुसून खाल्ली.

शालूने आपले झाकलेले ताट पुढे ओढले. हात लावण्याआधी तिने नियमाप्रमाणे विचारले, "मुकादम जेवला?"

जानरावांनी सशाकडे बोट दाखवले, मग स्वतःच्या सुजलेल्या गालाकडे, आणि दोन बोटे वर केली.