मोरितांच्या पीचवरचा डाग

सकाळची पूजा आटोपून नीलांबरीकाकू कुंपणाचं फाटक ढकलून शेजारच्या अंगणात गेल्या, झाडावरची पहिली कागदी पिशवी उघडली आणि आतलं पीच अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

झाड मोरितांचं. ऐंशी ओलांडलेले मोरिता गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले होते. जपानमधल्या ओकायामा या त्यांच्या मुलखातली रीतच अशी, की पीच बोराएवढी असतानाच बहुतेक खुडून टाकायची आणि उरलेल्या एकेकाला कागदाची पिशवी बांधायची. ऊन लागत नाही, फळ दुधासारखं पांढरं राहतं. यंदा अशा अकरा पिशव्या होत्या.

"फक्त पाणी घाला," जाताना ते म्हणाले होते. "तेवीसला हारुएचा दिवस. तिच्यापुढे एक ठेवायचं असतं."

हारुए म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती, काकूंच्या दिगंबररावांना दीड. इंग्रजी दोघांचंही मोडकं, म्हणून एकमेकांचं बोलणं दोघांना नीट कळायचं.

पण काकूंचा नेम होता. देवापुढे किंवा गेलेल्या माणसापुढे फळ ठेवायचं, तर ते दाबून पारखल्याशिवाय नाही. अमेरिकेत सांता क्लाराला लेकाकडे राहायला आल्या म्हणून नेम थोडाच सुटतो?

दुसऱ्या दिवशी त्या पीचवर तपकिरी डाग! रोग पसरलाय का, म्हणून काकूंनी उरलेली दहाही दाबून पाहिली. तिसऱ्या दिवशी दहांवरही डाग.

"प्रणिता, लागण झाली गं! एका रात्रीत सगळं झाड धरलं!"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे," सून म्हणाली. "फंगस असेल. नीम ऑइल स्प्रे करा."

काकूंनी फवारलं. खोडाला अंगारा लावला. गुण येतोय का ते बघायला रोज सकाळ-संध्याकाळ अकराही फळं दाबली. एकाचे दोन डाग झाले, दोनाचे चार.

शनिवारी वेदांतने विचारलं, "आई, तू चेक कसं करतेस? दाखव बरं."

काकूंनी दाखवलं. वेदांतने डाग पाहिला, आईचा अंगठा पाहिला, परत डाग पाहिला.

"आई, हा रोग आपल्याच घरातून गेलाय."

"अरे, मी हलकेच दाबते!"

"हे दाबायचंच नसतं. नुसतं तळहातावर घ्यायचं. बोट लागलं की काळं पडतं."

त्या दिवशी काकूंना एक वेळचं जेवणही गेलं नाही. बिचाऱ्या हारुएच्या वाट्याला वर्षाकाठी एक फळ, आणि तेही आपण नासवलं. मंडईत दिगंबरराव कावायचे, "अगं, आंबा आहे तो, दाराची बेल नव्हे!" तेव्हा किती राग यायचा. आता कुणी म्हणतही नाही.

तेवीसला मोरिता वॉकर टेकत अंगणात आले. काकू हात जोडून उभ्याच होत्या.

"माय थंब," त्या म्हणाल्या. "ऑल इलेव्हन. सॉरी."

मोरितांनी एकेक पिशवी उघडली. अकरावी उघडून झाली तसे ते बाकावर बसले.

"हारुए रोज चोरून दाबायची," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी ओरडलो. एक फळ धड हाती लागलं नाही. ती गेल्यापासून सगळी बिनडागी येतात. मला ती घशाखाली उतरत नाहीत."

मग त्यांनी सगळ्यांत जास्त डागांचं पीच निवडलं आणि आत तिच्या फोटोपुढे ठेवलं. दोघं हात जोडून उभे राहिले. काकूंनी दिगंबररावांचंही नाव मनात घेतलं.

निघताना मोरितांनी एक पीच त्यांच्या हातावर ठेवलं. काकू डोळे पुसत फाटकापाशी पोचल्या, तोवर अंगठा सवयीने आपलं काम करून मोकळा झाला होता.

मागून मोरिता जपानीत केवढ्यांदा तरी ओरडले.

काकूंना जपानी येत नव्हतं. पण दाराच्या बेलबद्दलच काहीतरी असावं.