अनोळखी माणसांचे बारा फोटो

बाथरूमचं दार आतून लावून घरातला कलाकार लाल दिव्याखाली फोटो धूत होता आणि बाहेर त्याच्या नावाने शंख चालला होता. 'कलाकार' हे नाव मेहुण्याने ठेवलेलं, आणि कौतुकाने मुळीच नाही. विमा कचेरीत मान खाली घालून नोकरी करणारा हा माणूस दोन वर्षं गळ्यात कॅमेरा अडकवून रस्तोरस्ती हिंडला होता. आता कुठे एका कलादालनाने हो म्हटलं होतं. बारा फोटोंची मालिका, उद्या सकाळी हातात पाहिजे. एक जरी कमी भरला तरी भिंत दुसऱ्याला. मालिकेचं नाव त्याने कळवूनसुद्धा टाकलं होतं : 'अनोळखी'.

"अरे, मी आंघोळ कधी करायची? संध्याकाळी?" आईने दार बडवलं.

"आई, उजेड आत आला तर सगळं वाया जाईल!"

"जाऊ दे वाया. इथे उभं राहून माझे गुडघे आखडले."

शेवटचा कागद कसाबसा धुऊन झाला आणि त्याने शरणागती पत्करली. वाळवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून हॉलमध्ये दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी बाराही फोटो टांगले. हीच चूक झाली. सुट्टीचा दिवस, मेहुणा आलेला, सगळं घर रिकामटेकडं. माणसं दोरीपाशी गोळा झाली.

"बाबा, ही आजी ना?" मुलीने बोट दाखवलं.

आजीच होती. दोन्ही हातांत पिशव्या, पदर खोचलेला, आणि रस्त्यातलं डबकं टुणकन ओलांडताना दोन्ही पाय हवेत. याच आजीला गुडघ्यांमुळे पाण्याचा पेलासुद्धा जागेवर आणून द्यावा लागत असे.

आई उलट चवताळली. "पोटच्या पोराने आईचा फोटो काढला आणि आईला ओळखलं नाही? आंधळा आहेस का?"

"मी उजेड बघत होतो गं! डबक्यातला!"

"म्हणे उजेड!" मेहुणा पोट धरून हसायला लागला, आणि हसता हसता एकदम थांबला. शेजारच्या फोटोत, पानाच्या टपरीमागे, तोंडातून मस्त धूर सोडत तो स्वतःच उभा होता. ताईची शपथ घेऊन सिगारेट सोडल्याला वर्ष झालं होतं. "भाऊजी, हा काढा बघू आधी."

"आणि तोही," मुलगी घाईने म्हणाली. त्या फोटोत सिनेमाच्या रांगेत एक जोडपं हातात हात घालून उभं होतं. क्लासच्या वेळेला.

"एकही निघणार नाही!" कलाकार रडकुंडीला आला. "बारा लागतात, बारा! दोन वर्षं घासलीत मी!"

"दोन वर्षं नुसती हेरगिरी केलीस," आई म्हणाली आणि तिने आपला फोटो खसकन ओढला. त्याबरोबर दोरी सुटली आणि सगळी मालिका जमिनीवर आली. उचलायला सगळेच धावले, पण ज्याने त्याने स्वतःचाच उचलला. कात्री कुठे आहे, याची चौकशी सुरू झाली.

गोंधळ ऐकून बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. पायाशी पडलेला एक फोटो उचलून बघत राहिली.

"चौकातलं झाड पडलं, त्या दिवशीचा ना हा?"

"हो!" निदान एक तरी कदर करणारं माणूस मिळालं म्हणून तो खुलला. "सगळ्यात भारी आहे. दुकानाच्या काचेत बघ, अख्खी गर्दी उमटलीय."

"तुम्हीही उमटलात."

त्याने वाकून पाहिलं. काचेत कॅमेरा डोळ्याला लावून तोच उभा होता, अगदी तल्लीन.

"त्या झाडामुळे माझ्या रिक्षाला वळसा पडला," बायको शांतपणे म्हणाली. "एकटीच होते मी. ऑपरेशनला चालले होते. साहेब सोडत नाहीत म्हणून तुम्ही ऑफिसात अडकला होतात."

तो दिवस त्याच्या लक्षात राहिला होता तो फक्त उजेडामुळे. हे त्याचं त्यालाही आत्ताच कळलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

बाकीच्यांना आपापले गुन्हे एकाएकी अगदीच किरकोळ वाटू लागले. मेहुण्याने मुकाट्याने दोरी परत बांधली. आईने आपली उडी टांगली. मुलीनेही सिनेमाची रांग लावून टाकली, आणि तिला कोणी काही विचारलंही नाही.

"तो दे इकडे," तो कसाबसा म्हणाला. "फाडून टाकतो."

"मग अकराच राहतील ना." बायकोने चिमटा घेतला आणि तो फोटो दोरीच्या मधोमध, सरळ करून लावला. "उद्घाटनाला मी येणार आहे. माझ्या वॉर्डातल्या नर्सबाईंनाही आणते. तुम्हाला नवरा आहे का हो, असं बिचाऱ्या सारखं विचारत होत्या."