तिसऱ्या गाण्यातली खोट

मुरुमला मल्लिनाथप्पांच्या दुकानात बसून त्यांच्या गाण्याला कुणी छान म्हणू नये. मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्या हातातला अर्धा चहा काढून घेतला. "छान म्हणाया काय लागतंय सर? खोट काडा, मग बसा."

अप्पांचा धंदा मोटारी भरायचा. विहिरीवरची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. जन्मभर हेच केल्यामुळे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तिथूनच आलेलं. "मोटार बरी चालली म्हणून कोण सांगाया येतंय का? बिघडली की येतेत." गप्प गिऱ्हाईक म्हणजे समाधानी गिऱ्हाईक.

गाणी ते स्वतःच रचतात, चालही स्वतःच लावतात. दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका स्टुडिओत जाऊन त्यांनी सहा गाण्यांचा अल्बम केला. नाव 'थ्री फेज'. पहिल्या गाण्यात लाईट येते, सहाव्यात जाते, मधली चार गाणी माणूस वाट बघतो. अल्बम मोबाइलवरून नेटवर चढवला, वर प्रत्येक दुरुस्त मोटारीबरोबर एक पेनड्राईव्ह गळ्यात मारला. महिनाभर कुणी चकार शब्द काढला नाही. मी दबकत दुकानात गेलो, तर स्वारी खुशीत.

"एक बी तक्रार न्हाय. माल बरोबर हाय."

लोकांनी माल उघडलाच नाही, हे सांगायची माझी छाती झाली नाही. मग तार गुंडाळता गुंडाळता तेच हळू म्हणाले, "एक मातर याया पायजे व्हती."

कुणाची, ते अख्ख्या मुरुमला ठाऊक होतं. सुवर्णा, त्यांची एकुलती एक लेक, माझी विद्यार्थिनी. लहानपणी दुकानातच पेटी वाजवायची आणि बापाचा सूर जरा ढळला की भाता सोडून द्यायची. गिऱ्हाइकांसमोर झापायची. अप्पा निमूटपणे पुन्हा गायचे. सहा वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं. अप्पा म्हणाले, "माजा नंबर पुसून टाक." ती पुण्याला गेली, तेव्हापासून फोन नाही.

मी उमरग्याच्या एका साप्ताहिकात अधूनमधून लिहितो. तेवढ्या भांडवलावर स्वतःला समीक्षक समजतो. दोन वर्षं झाली तरी ती तक्रार आली नाही, तेव्हा अप्पांना बरं वाटावं म्हणून मी अल्बमवर लिहिलं, आणि खोटही काढली: 'तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात गायकाचा सूर सपशेल उतरला आहे.' त्या अल्बमवर जगात आलेलं हे एकमेव परीक्षण. आता पूर्ण कप चहा मिळणार, या खुशीत अंक घेऊन गेलो.

अप्पांनी उभ्यानं वाचलं. अंकाची घडी घातली.

"ही खोट तुमी कशाला काडलाव सर? ती तिच्यासाठी ठिवली व्हती."

मला कळेना.

"स्टुडिओवाला म्हनला, परत गावा, दोन मिन्टाचं काम हाय. म्या नको म्हनलो. उतरलेला सूर तिला सोसत न्हाय. रागानं का व्हईना, फोन करील."

"मग तुम्हीच करा की."

"काय म्हनू? नंबर पुस म्हननारा म्याच." ते परत तारेकडे वळले.

मला माझीच लाज वाटली. सुवर्णाचा शिक्षकदिनाला दरवर्षी मेसेज येतो, म्हणजे नंबर माझ्याकडे होता. एवढी वर्षं मी तो वापरला नव्हता, दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसा म्हणून. घरी येऊन लावला.

"ऐकलंय सर," ती म्हणाली. "आला त्याच दिवशी. अजून ऐकते."

"तिसऱ्या गाण्यात सूर उतरलाय."

"व्हय. अप्पांना लावायला फोन हातात घेतला होता मी तेव्हा. पण वय झालंय त्यांचं. थकलेल्या माणसाला काय बोलायचं, म्हणून ठेवून दिला."

मी तिला खरं ते सांगून टाकलं: ती चूक मुद्दाम आहे, बाप दोन वर्षं तुझ्या रागाची वाट बघतोय.

"ती एक मुद्दाम असंल सर," ती म्हणाली. "पण पाचव्यातपण उतरलेत ते. सहाव्यात दोनदा. ते त्यांना कळलंच न्हाय."

ते मलाही कळलं नव्हतं. मी समीक्षक.

"अप्पांना हे सांगू नका," ती म्हणाली. "रविवारी येते मी. तिसऱ्यातली तेवढी खोट काढते."