तिसरं प्रूफ

घरात अबोला सुरू होऊन आठ दिवस झाले होते आणि चूक सर्वस्वी प्रूफवाल्यांची होती. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांची उभी हयात गेली, म्हणून सगळे त्यांना प्रूफवालेच म्हणत. बायकोनं आपल्या नर्सच्या नोकरीतल्या आठवणी लिहून मोठ्या हौसेनं त्यांच्या हाती दिल्या. त्यांनी त्या शंभरेक तांबड्या खुणा करून परत केल्या. कौतुकाचा एक शब्द नाही. तिनं कागद कपाटात ठेवले आणि बोलणं बंद केलं.

समोर उभं राहून माफी मागणं प्रूफवाल्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी वरच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर बसून चौथ्या प्रयत्नात माफीचा व्हिडिओ केला. आता तो खाली बायकोच्या टॅबवर कसा पोचवायचा? त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, वायफायवर घरातल्या सगळ्यांसाठी एक फोल्डर करून दिलंय ना मी? त्यात टाका, आईला दिसेल. वायर नको, पेनड्राइव्ह नको."

"सगळ्यांसाठी म्हणजे?"

"वायफायला जे जे जोडलंय त्या सगळ्यासाठी. टाका हो, मी मीटिंगमध्ये आहे."

त्यांनी टाकला. पण शेवटच्या प्रतीसोबत आधीची सगळी प्रुफं जोडायची, ही छापखान्यातली सवय. त्यामुळे एकाऐवजी चार व्हिडिओ गेले, ओळीनं क्रमांक घालून. हॉलमधला टीव्ही त्याच फोल्डरमधले फोटो आणि व्हिडिओ दिवसभर दाखवत असतो, हे मात्र ते साफ विसरले.

थोड्याच वेळात खालून त्यांचाच आवाज आला. "आणि खुणा काही शंभर नव्हत्या. अठ्ठ्याण्णव होत्या."

"ताई, भावोजी माफी मागतायत की भांडतायत?" मेहुणीनं विचारलं. तीही नेमकी आजच आली होती.

प्रूफवाले एका पायात चप्पल घालून जिन्याकडे धावले. तोवर दुसरं प्रूफ लागलं. "लिखाण उत्तम आहे. फक्त परिच्छेद फार लांब."

"बंद कर तो," ते जिन्यावरून म्हणाले. रिमोट बायकोच्या मांडीवर होता. तिनं त्याला हात लावला नाही.

तिसऱ्यात त्यांनी चष्मा काढलेला होता. "तुझ्या वॉर्डातलं ते बाळ गेलं त्या दिवशी तू घरी येऊन निमूट कपडे वाळत घातलेस. मी विचारलंसुद्धा नाही. ते पान वाचताना मला रडू आलं. काय करावं कळेना, म्हणून चुका शोधत बसलो. तेवढंच येतं मला." मग जरा थांबून, "छे, हे कापायचं."

चौथं प्रूफ एका वाक्याचं होतं. "झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे."

मेहुणी चहा टाकायला म्हणून आत गेली. जिन्यावर उभ्या प्रूफवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "चौथं अंतिम आहे," ते पुटपुटले.

"चौथं रद्द," बायको म्हणाली. आठ दिवसांतले तिचे हे पहिले शब्द. "तिसरं राहू द्या." तिनं कपाटातून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि त्यांच्या खिशातलं तांबडं पेन काढून घेतलं. "आता मोठ्यानं वाचा."

त्या पानाशी आल्यावर त्यांना पुन्हा अक्षरं दिसेनात, आणि आता हातात पेनही नव्हतं. तिनं कागद आपल्याकडे घेतला आणि पुढचं त्यांना वाचून दाखवलं.