रिटर्न टेबलावरच्या शेवंतामावशी

शेवंतामावशी परत आलेल्या मालाशी बोलतात. खोकं उघडलं की आतल्या वस्तूला आधी विचारतात, "का गं बाई, का आलीस माघारी?" मग ती इस्त्री असो नाहीतर उशी.

केडगावच्या अलीकडं हायवेला आमचं गोडाऊन आहे. ऑनलाइन मागवलेला माल इथून जातो आणि न पटलेला इथंच परत येतो. परत आलेलं झटपट तपासायचं, गिऱ्हाइकाचे पैसे सोडायचे, चांगलं असेल ते पुन्हा रॅकवर लावायचं. तेवढं केलं की गिऱ्हाईक खूश, असं आमचे मॅनेजर सांगतात. तपासायचं काम मावशींचं आणि मावशींना घाई करायला लावायचं काम माझं. त्यातलं अवघड कुठलं, ते विचारू नका.

मावशी कंपनीच्या बसनं मांडवगण फराट्याहून येतात. नाक भलतंच तिखट. एकदा एक साडी परत आली, कारण लिहिलेलं, 'रंग आवडला नाही'. मावशींनी पदर हुंगला.

"लगीन जेवून आलीया ही. पदराला बासुंदी हाय."

मिक्सर आला, तर त्याचं भांडं नाकाशी धरलं. "शेंगदाण्याची चटणी. लसूण कमी पडलाय." मी हसत बसायचो आणि तिकडं खोक्यांचा ढीग वाढायचा.

पण चांगली वस्तू उगाच परत आली की मावशींचा जीव तुटतो. एक कुकर असाच दुसऱ्यांदा आला. आधी कारण होतं 'शिट्टी होत नाही', या वेळी नुसतंच 'नको'. दुसऱ्यांदा आलेला माल आमच्याकडं थेट भंगारात जातो. मावशींनी कॅन्टीनमध्ये नेऊन त्यात पाणी उकळलं आणि मला बोलावून शिट्टी ऐकवली.

"ह्याच्यात काय खोट हाय का, सायेब? एकडाव पाठवून तर बगा."

नियम सांगून मी थकलो. शेवटी मॅनेजरकडं शब्द टाकला आणि कुकर रॅकवर गेला. काही दिवसांत कोल्हापूरकडं रवानाही झाला. त्यानंतर रोज सकाळी रिटर्नची गाडी लागली की मावशी सगळ्यांच्या आधी दाराशी हजर. खरं सांगायचं तर मलाही चैन पडत नव्हतं.

परत करायची मुदत संपली, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सांगितलं, "मावशी, कुकर राहिला तिकडंच."

"नांदतोय म्हणायचा," त्या म्हणाल्या. भाकरी मोडता मोडता थांबल्या. "मी सासरहून पिशवी घिऊन आले, तवा आबांनी पिशवी आत ठिवली. आईनं ताट वाढलं. पर का आलीस, ते कुणी इचारलंच न्हाई. आजपातुर न्हाई."

तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. टेबलावर खोकी साचली होती. मावशी डबा आवरून उठायला लागल्या.

"मावशी," मी म्हणालो, "तुम्ही का आला होतात माघारी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग एरवी मला सायेब म्हणणाऱ्या मावशींनी शेजारचा बाक पदरानं पुसला.

"बस, बाळा," त्या म्हणाल्या.