देवाची बाजू राहून गेली

निबंध कसा लिहावा, हे टॅम्सिन पास्कोला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं घडाघडा सांगितलं असतं. झोपेतून उठवणं मात्र भाग होतं! शाळेच्या शेवटच्या वर्षाला तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र आणि ख्रिस्ती धर्मविचार घेऊन बसलेली ही मुलगी. वर्गात बाई शिकवत असताना ती समुद्रावरच्या ढगांकडे बघत तरंगत असायची. पण बाईंचा एक नियम तिच्या हाडीमाशी मुरला होता. आधी विरोधकाची बाजू मांडायची, तीही अशी की आपलेच पाय लटपटले पाहिजेत. उत्तर नंतर. निकाल सगळ्यात शेवटी.

सुगीच्या प्रार्थनेला ‘देवाचे आभार का मानायचे’ यावर पाच मिनिटं बोलशील का, असं पाद्रीबाईंनी विचारलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. असले प्रश्न म्हणजे तिच्या हातचा मळ. शिवाय बाबा ऐकायला येणार होते. डेन्झिल पास्को गावाचे नळ दुरुस्त करत, आणि बायको गेल्यापासून पाच वर्षं त्यांनी चर्चची पायरी चढली नव्हती. विद्यापीठाचा अर्ज सोमवारी जायचा होता. त्यात तिच्या मनातलं धर्मशास्त्र लिहायचं की बाबांच्या मनातलं नर्सिंग, यावरून घरात महिनाभर धुसफुस चालली होती. या शिक्षणानं होतं तरी काय, ते एकदा कानांनी ऐकतो आणि मग ठरवतो, असं म्हणून ते लग्नातला कोट चढवून आले होते.

पाद्रीबाईंना पोरीची तंद्री ठाऊक होती, आणि मागच्या हॉलमध्ये मटण भरलेल्या, करंजीसारख्या पेस्टीज गार होत होत्या. म्हणून त्यांनी ऑर्गनवाल्या ट्रेविनना बजावून ठेवलं, की तिचं तोंड थांबलं रे थांबलं की स्तोत्र सुरू करा. ट्रेविनना ऐकू बेताचंच यायचं. त्यात वाजवताना लोकांकडे पाठ. त्यांचा सगळा कारभार समोर टांगलेल्या छोट्या आरशात बघून चाले.

भोपळे, सफरचंदं आणि बीन्सचे डबे यांच्या राशीमागे टॅम्सिन उभी राहिली. ज्याची होडी बुडाली त्यानं कुणाचे आभार मानायचे, असं तिनं विचारलं. जिची आई चाळिशीत गेली त्या पोरीनं कुणाचे मानायचे? हे देवाला थांबवता येत नसेल तर तो दुबळा, आणि येत असून थांबवत नसेल तर निष्ठुर. चर्चमध्ये कुणी खोकेना. विरोधकाची बाजू नियमाप्रमाणे झक्क उभी राहिली होती.

तिनं मुद्दे लिहिलेलं पुढचं कार्ड वर घेतलं, आणि त्याच क्षणी खिडकीच्या रंगीत काचेतून निळा कवडसा कार्डावर उतरला. तिथून तो हळूच तिच्या मनगटावर आला. हा निळा रंग काचेत आहे, उन्हात आहे, की माझ्या डोळ्यांत? टॅम्सिन त्या निळाईत उतरली, आणि आरशातलं तोंड थांबलं.

ऑर्गन गरजला!

घराला आग लागली तरी इथली माणसं आधी उभी राहून स्तोत्र पुरं करतील. सगळे उठले आणि आत्ताच ज्याला निष्ठुर ठरवलं त्याचे पाच कडवी आभार मानू लागले. थांबा म्हणायला टॅम्सिननं तोंड उघडलं. पोरगी काय जीव तोडून गातेय, असं वाटून ट्रेविननी आवाज आणखी चढवला.

हॉलमध्ये कुणी तिला बोल लावला नाही. पेस्टी हातात देत जो तो ‘वेगळं होतं हं’ म्हणाला. या गावात बिघडलेल्या केकला हेच म्हणतात.

परतताना व्हॅन बाबा चालवत होते. टॅम्सिनला रडू फुटायचंच बाकी होतं.

“बाबा, ते अर्धंच झालं. देवाची बाजू राहून गेली.”

त्यांनी कड्याजवळ गाडी थांबवली. “मग सांग की. मी कुठं पळून चाललोय?”

तिनं सगळं सांगितलं. माणसाला दिलेलं स्वातंत्र्य, दुःखातून घडणारं मन, सगळं. बाबा समुद्राकडे बघत होते. या खेपेला तंद्री त्यांची लागली होती.

“आईचं बोललीस ना,” ते अखेर म्हणाले, “पाच वर्षं मला तेच तिथं उभं राहून म्हणायचं होतं.” त्यांनी नाक पुसलं. “धर्मशास्त्रच लिही अर्जात.”

टॅम्सिनला हर्ष मावेना. “म्हणजे देवाची बाजू पटली तुम्हाला?”

“छे गं! अगदीच लंगडी मांडलीस,” बाबांनी गाडी सुरू केली, “म्हणून तर म्हणतो, जा, शिकून ये.”